विमान उडवायला १५०० तासांचा अनुभव कशाला? ५० मृत्यूंनंतर आलेला अमेरिकेचा नियम आणि पंधरा वर्षं चाललेला वाद

१२ फेब्रुवारी २००९. रात्रीचे सव्वादहा वाजून गेले होते. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून निघालेलं एक छोटं प्रवासी विमान बफेलो शहराजवळ आलं होतं. बाहेर थंडी, हलका बर्फ आणि अंधार. विमानतळ अवघ्या काही किलोमीटरवर होता. उतरायची तयारी सुरू होती, चाकं खाली आली होती. तेवढ्यात विमानाचा वेग कमी होत गेला, कॉकपिटमध्ये धोक्याचा इशारा वाजला आणि पुढच्या अर्ध्या मिनिटाच्या आत ते विमान क्लॅरेन्स सेंटर नावाच्या वस्तीतल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ जण आणि घरातली एक व्यक्ती, असे ५० जण गेले.

तिकिटावर कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीचं नाव होतं. विमान मात्र कोल्गन एअर नावाची छोटी कंपनी चालवत होती. मृतांमध्ये रवांडातल्या नरसंहाराचा अभ्यास करणाऱ्या ॲलिसन दे फोर्ज होत्या. ९/११ च्या हल्ल्यात पती गमावलेल्या आणि नंतर पीडितांच्या कुटुंबांसाठी लढणाऱ्या बेव्हर्ली एकर्ट होत्या.

या अपघातानंतर अमेरिकेने वैमानिकांच्या भरतीचा नियमच बदलला. आधी २५० तास विमान उडवलेला माणूस प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसू शकत होता. आता त्याला १५०० तास लागतात. एका झटक्यात सहापट. जगात दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशाने एवढी मोठी उडी मारलेली नाही. भारतात आजही २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो आणि त्या जोरावर तरुण मुलं-मुली एअरबसच्या उजव्या सीटवर बसतात.

मग अमेरिका बरोबर आणि बाकी जग चूक? की उलट? उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. कारण या कथेत एक मोठी गोम आहे.

त्या रात्री नेमकं काय झालं?

विमान हवेत टिकतं ते पंखांवरून नीट वाहणाऱ्या हवेमुळे. वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेलं, की पंखांवरचा हा प्रवाह तुटतो. पंख उचल देणं थांबवतात. याला स्टॉल म्हणतात. गाडीचं इंजिन बंद पडल्यावर आपण 'स्टॉल झाली' म्हणतो, तसं हे नाही. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

यावर उपाय पहिल्या आठवड्यापासून शिकवला जातो: नाक खाली करा, ताकद वाढवा, वेग घ्या. जमिनीजवळ असताना नाक खाली करणं मनाला पटत नाही, पण तेच करायचं असतं.

स्टॉल जवळ आला की कॅप्टनच्या हातातला दांडा जोरात थरथरायला लागतो. या यंत्रणेला स्टिक शेकर म्हणतात. बफेलोच्या विमानात तो थरथरला तेव्हा प्रत्यक्षात स्टॉल अजून थोडा लांब होता. बर्फामुळे खबरदारी म्हणून एक बटण चालू ठेवलं होतं, त्यामुळे इशारा लवकर वाजला. म्हणजे सावरायला जागा होती. कॅप्टनने नेमकं उलट केलं, दांडा मागे ओढला. नाक आणखी वर गेलं आणि विमान खरोखरच स्टॉल झालं. मग नाक आपोआप खाली ढकलणारी दुसरी यंत्रणा चालू झाली. कॅप्टनने तिच्याशीही झटापट केली. सहवैमानिक तरुणीने त्याच वेळी न विचारता पंखांचे फ्लॅप आत घेतले, ज्यामुळे परिस्थिती अजून बिघडली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, फेब्रुवारी २०१० मध्ये निष्कर्ष काढला. बर्फाने विमान पाडलेलं नव्हतं. इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे अपघाताचं कारण होतं. उतरताना कामाशिवाय गप्पा मारायच्या नाहीत हा नियम दोघांनी मोडला होता आणि घटत्या वेगाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तपासात आणखी बरंच बाहेर आलं. सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहायची आणि नोकरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांमध्ये बसून मेम्फिसमार्गे नेवार्कला पोहोचली होती. रात्रभराचा प्रवास करून तीच दुपारपासून ड्युटीवर. शिवाय तिला सर्दी झालेली होती. कॅप्टननेही आधीची रात्र हॉटेलमध्ये न काढता विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. सुनावणीत तिचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचं समोर आलं, तेव्हा अमेरिकन लोकांना धक्का बसला. आपल्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर, तो माणूस एवढ्या पगारावर आणि एवढ्या झोपेवर काम करतो, हे बहुतेकांना पहिल्यांदाच कळत होतं.

महिनाभर आधीच, १५ जानेवारी २००९ ला, कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवून १५५ जणांना वाचवलं होतं. त्यांच्याकडे १९ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. लोकांच्या डोक्यात तुलना आपोआप झाली. एकीकडे हडसन, दुसरीकडे बफेलो. अनुभव हवा, बस्स.

१५०० चा आकडा कुठून आला?

मृतांच्या नातेवाइकांनी हार मानली नाही. स्वतःच्या खर्चाने ते वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा जात राहिले, प्रियजनांचे फोटो घेऊन सुनावण्यांना बसत राहिले. १ ऑगस्ट २०१० ला नवा कायदा झाला. त्यानुसार प्रवासी विमानाच्या दोन्ही सीटवर बसणाऱ्यांकडे एटीपी, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना असणं बंधनकारक झालं. हा परवाना आधीपासूनच होता आणि त्यासाठी १५०० तास लागायचे. पण तो फक्त कॅप्टनला लागायचा. आता सहवैमानिकालाही तोच.

म्हणजे १५०० हा आकडा कुणी प्रयोगशाळेत शोधलेला नाही. कॅप्टनसाठी असलेली पट्टी उचलून शेजारच्या सीटला लावली, एवढंच.

२०१३ मध्ये नियम लागू झाला तेव्हा त्यात काही सवलती आल्या. लष्करात विमान उडवलेल्याला ७५० तास पुरतात. विमान वाहतुकीची चार वर्षांची पदवी असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०. वयाची अट पूर्ण परवान्यासाठी २३, सवलतीच्या परवान्यासाठी २१. शिवाय एटीपीच्या परीक्षेला बसण्यापूर्वी ३० तासांचे वर्ग आणि १० तासांचं सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचं झालं.

आता ती गोम

अपघाताच्या दिवशी कॅप्टनकडे ३३७९ तासांचा अनुभव होता. सहवैमानिकाकडे २२४४ तासांचा. दोघंही १५०० च्या खूप पुढे होते!

म्हणजे हा नियम त्या दिवशी लागू असता तरी दोघंही त्या विमानात कायदेशीरपणे बसले असते. एनटीएसबीच्या अहवालातही 'एकूण तास कमी पडले' असं कारण दिलेलं नाही. नियमाचे विरोधक हा मुद्दा गेली पंधरा वर्षं मांडतायत आणि तो खोडून काढणं सोपं नाही.

पण नातेवाइकांकडेही उत्तर आहे. कोल्गनने २००५ मध्ये या कॅप्टनला घेतलं तेव्हा त्याच्याकडे फक्त ६१८ तास होते. नियम तेव्हा असता तर त्याला नोकरीच मिळाली नसती. आधी कुठेतरी आणखी उडवावं लागलं असतं, आणखी परीक्षा द्याव्या लागल्या असत्या. कदाचित तो गाळला गेला असता. त्याचे परीक्षांमधले निकाल पाहता ही शक्यता हवेतली म्हणता येत नाही. तो वेगवेगळ्या टप्प्यांवर अनेकदा नापास झाला होता आणि नोकरीच्या अर्जात त्याने सगळी अपयशं सांगितलेली नव्हती. या विशिष्ट प्रकारच्या विमानावर त्याचे तास होते फक्त १११.

सहवैमानिकाची गोष्ट तर दोन्ही बाजूंना विचारात पाडणारी आहे. ती कोल्गनमध्ये आली तेव्हाच तिच्याकडे जवळपास दीड हजार तास होते. म्हणजे नवा नियम तिने जवळजवळ पाळलेलाच होता. पण हे तास कुठले? ॲरिझोनातल्या फीनिक्समधले. तिथे ती विद्यार्थ्यांना विमान शिकवायची. वर्षाचे बहुतेक दिवस स्वच्छ ऊन, निळं आकाश. अपघाताच्या काही मिनिटं आधी ती कॅप्टनला हेच सांगत होती, की या कंपनीत येईपर्यंत आपण पंखांवर बर्फ धरलेला पाहिलाही नव्हता. कॉकपिटमधल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते संभाषण आहे.

दीड हजार तास खरे, पण त्यांच्यात काय होतं?

तास भरायचे कसे?

अमेरिकेत २५० तासांवर व्यावसायिक परवाना मिळवलेल्या मुलाला उरलेले १२५० तास भरायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. बहुतेक जण फ्लाइंग स्कूलमध्येच शिक्षक होतात आणि चार सीटच्या सेसनामध्ये नव्या मुलांना शिकवतात. काही जण जाहिरातीचे फलक मागे बांधून समुद्रकिनाऱ्यावर घिरट्या घालतात, काही तेलवाहिन्यांची हवाई पाहणी करतात, काही पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतात.

यातून शिकायला मिळतं का? नक्कीच मिळतं. शिकवताना समोरचा रोज नवी चूक करतो आणि ती सावरता सावरता शिक्षक तयार होतो. एकट्याने निर्णय घ्यायची सवय लागते. पण उन्हात फलक ओढण्याचे हजार तास आणि दोन जणांच्या टीमने, कॉम्प्युटरने भरलेलं, ढगांतून जाणारं जेट चालवणं, यात फार अंतर आहे. दुचाकीवर लाखभर किलोमीटर फिरलेल्या माणसाला थेट घाटात एसटी चालवायला दिली तर तो अनुभव उपयोगी पडेल, पण पुरेल का?

म्हणूनच युरोपाने दुसरा रस्ता धरला. तिथे एकूण तासांपेक्षा निवड आणि प्रशिक्षणावर भर आहे. सुरुवातीपासून एअरलाइनच्या पद्धतीने शिकवायचं, सिम्युलेटरमध्ये भरपूर घोळवायचं आणि सुमारे २०० तासांवर अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसवायचं. गंमत म्हणजे जर्मनीच्या लुफ्तान्साचे कॅडेट अनेक वर्षं ॲरिझोनातच उडायला शिकत आलेत. तिथे शिकून ते युरोपात प्रवासी विमान उडवू शकतात, पण ज्या देशात शिकले तिथल्या एअरलाइनमध्ये लगेच नाही.

आणि भरपूर तास असले की माणूस चुकत नाही, असंही नाही. बफेलोच्या अपघातानंतर चारच महिन्यांनी, १ जून २००९ ला, एअर फ्रान्सचं रिओ ते पॅरिस विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकाने नाक वर ओढलं. स्टॉलचा इशारा वाजत राहिला. कॉकपिटमधल्या सर्वांत कमी अनुभवी माणसाकडेही जवळपास २९०० तास होते. कॅप्टनकडे सुमारे ११ हजार.

उलट उदाहरणही दिलं जातं. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मॅक्स पडलं, १५७ जण गेले. सहवैमानिकाकडे ३६१ तास होते. अमेरिकेत लगेच त्या आकड्याकडे बोट दाखवलं गेलं. पण विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी सदोष यंत्रणा बोइंगने बसवली होती. पाच महिने आधी इंडोनेशियात लायन एअरचं विमान त्याच यंत्रणेने पाडलं, तिथे दोन्ही वैमानिकांकडे पाच-सहा हजार तास होते.

कंपन्या का चिडल्या?

नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो छोट्या शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांना. वैमानिक मिळेनात. रिपब्लिक एअरवेजने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना वैमानिकांचा तुटवडा हे एक कारण सांगितलं. ग्रेट लेक्स एअरलाइन्सने २०१८ मध्ये उड्डाणं थांबवली, तेव्हाही हेच कारण पुढे आलं. २०२२ मध्ये रिपब्लिकने विनंती केली की आमच्या अकादमीत शिकलेल्यांना ७५० तासांवर घेऊ द्या. सरकारने ती फेटाळली.

वैमानिकांच्या संघटनांचं म्हणणं वेगळं. तुटवडा माणसांचा नाही, चांगला पगार देण्याच्या इच्छेचा आहे. यात तथ्य आहे, हे पुढे दिसलंच. माणसं मिळेनात तेव्हा पगार वाढवावे लागले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये वर्षाला १६ हजारांवर काम करणारी ती मुलगी आठवा. सुरक्षेसाठी आणलेल्या नियमाने वैमानिकांची किंमत वाढवली, हा त्याचा सर्वांत ठळक परिणाम म्हणावा लागेल. अर्थात संघटनांनाही या नियमात स्वतःचा फायदा दिसतो, हेही खरं. दारातली गर्दी कमी झाली की आतल्यांचा भाव वाढतो.

आणि भाव सगळेच मोजतात. २५० ते १५०० तासांचा काळ काढायचा म्हणजे कर्ज डोक्यावर घेऊन तुटपुंज्या पगारावर दोन वर्षं. श्रीमंत घरातलं मूल हे काढतं. बाकीचे सोडून देतात.

२०२३-२४ मध्ये अमेरिकी संसदेत पुन्हा चर्चा झाली. सिम्युलेटरमधले जास्त तास १५०० मध्ये धरावेत, असा प्रस्ताव होता. स्वतः लष्करात हेलिकॉप्टर उडवलेल्या सिनेटर टॅमी डकवर्थ यांनी कडाडून विरोध केला. मे २०२४ मध्ये नवा कायदा झाला, पण १५०० तासांना हात लागला नाही.

मग सुरक्षा खरंच वाढली का?

आकडे नियमाच्या बाजूने बोलतात असं वाटतं. बफेलोनंतर जवळजवळ १६ वर्षं अमेरिकेतल्या एअरलाइन्सचा एकही मोठा जीवघेणा अपघात झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर होऊन ६७ जण गेले, तेव्हा ही मालिका तुटली.

पण श्रेय कुणाला द्यायचं? त्याच कायद्याने इतरही बऱ्याच गोष्टी बदलल्या, ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. जानेवारी २०१४ पासून वैमानिकाला ड्युटीआधी किमान १० तास विश्रांती सक्तीची झाली. सिम्युलेटरमध्ये आधी फक्त इशारा वाजेपर्यंतच सराव व्हायचा, विमान खरंच स्टॉल होईपर्यंत नेत नसत. बफेलोच्या कॅप्टनला नाक खाली ढकलणाऱ्या यंत्रणेचा या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये अनुभवच दिलेला नव्हता. आता पूर्ण स्टॉलमधून बाहेर येण्याचा सराव सक्तीचा आहे. तिकीट घेताना विमान खरं कोण चालवणार, हे पहिल्याच पानावर दाखवावं लागतं. आणि युरोपात १५०० चा नियम नसतानाही तिथलं विमानतळावरचं आयुष्य काही असुरक्षित झालेलं नाही, अपघात तिथेही दुर्मीळच आहेत.

कायद्यातली एक गोष्ट मात्र रखडली: वैमानिकांच्या नोंदींचा एकत्रित डेटाबेस, म्हणजे कुठे नापास झाला, कुठून काढलं, हे नव्या कंपनीला कळावं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲटलस एअरचं मालवाहू बोइंग ७६७ टेक्सासमध्ये कोसळलं, तिघे गेले. सहवैमानिकाकडे पाच हजारांवर तास होते. पण आधीच्या कंपन्यांमधली प्रशिक्षणातली अपयशं त्याने लपवली होती. डेटाबेसला झालेल्या उशिरावर एनटीएसबीने थेट बोट ठेवलं. त्याचा अंतिम नियम आला २०२१ मध्ये. १५०० हा आकडा मथळ्यात बसतो, डेटाबेस बसत नाही.

भारतात काय?

आपल्याकडे गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे इथे मुलं उडायला शिकतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय १८, वैद्यकीय चाचणी, लेखी परीक्षा आणि २०० तास, की व्यावसायिक परवाना. मग विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग आणि एअरलाइनची निवड. सगळं धरून खर्च अनेकदा कोटीच्या घरात जातो. कॅप्टन व्हायला इथेही १५०० तासांचा एटीपीएल लागतो, पण तोवरचे तास एअरलाइनमध्येच, प्रवासी विमानातच भरतात.

अमेरिकेचा नियम जसाच्या तसा इथे आणला तर? अडचण आकाशातली नाही, जमिनीवरची आहे. अमेरिकेत छोट्या विमानांचं जाळं प्रचंड आहे, त्यामुळे तास भरायला शिक्षकाची, फलकाची, पाहणीची कामं मिळतात. भारतात अशी कामं मूठभर. १३०० तास भरायला मुलगा जाणार कुठे? आणि जिथे आकड्याला फार किंमत येते तिथे आकडाच बनवला जातो, याचा अनुभव आपण घेतलाय. २०११ मध्ये गोव्यात एक विमान चुकीच्या पद्धतीने, पुढच्या चाकावर उतरलं. चौकशी झाली आणि कॅप्टनची परवान्यासाठीची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभर परवान्यांची झडती सुरू झाली. त्याच वर्षी राजस्थानात न उडवलेले तास लॉगबुकमध्ये लिहिल्याचं प्रकरणही उघड झालं.

थकव्याचा मुद्दा मात्र भारतात आत्ताच पेटलाय. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोला पुरेसे वैमानिक जुळवता आले नाहीत, हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, प्रवासी विमानतळावर सामानाच्या ढिगात अडकले. ओरड वाढली तशी सरकारने नियमांतून तात्पुरती सूट दिली. २००९ मध्ये नेवार्कच्या क्रू रूममध्ये जो प्रश्न होता, तोच मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर होता. फरक एवढाच की बहुतेकांचा राग होता उशिराबद्दल.